आजोबांची ब्राऊनिंग ऑटो-५ रिकामी पुंगळी बाहेर फेकत नाही, काय बघू?

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितोय, इथल्या लष्कर भागात राहतो. घरात आजोबांची बारा बोअरची सेमी ऑटोमॅटिक आहे, ब्राऊनिंग ऑटो-५, बेल्जियमची, ती मागे कुबड आल्यासारखी चौकोनी पाठ असते ना तीच. आजोबांच्या नंतर बाबांकडे होती आणि बाबा गेल्यावर वारस म्हणून मागच्या वर्षी माझ्या परवान्यावर चढली. आजोबांच्या तरुणपणी शिकार चालायची, १९७२ च्या कायद्यानंतर ते सगळं संपलं, बाबांनी मग ती फक्त रेंजवर क्लेसाठी (हवेत उडवलेल्या चकत्या फोडायला) वापरली आणि दसऱ्याला शस्त्रपूजेत मांडायचे. मीही तेवढंच करतो.

आता प्रॉब्लेम असा की गेल्या दोन रविवारी रेंजवर २५-२५ काडतुसं चालवली आणि दोन्ही वेळा अर्ध्याहून जास्त बारांना पुंगळी बाहेर पडलीच नाही. कधी अर्धी बाहेर येऊन बोल्ट (मागेपुढे सरकून नळी मागून बंद करतो तो तुकडा) आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीच्या काठात चिमटून उभी राहते, कधी बोल्ट इतका कमी मागे येतो की पुंगळी जागची हलतच नाही आणि मला हँडल ओढून हाताने काढावी लागते. काडतुसं नवीन आहेत, प्लॅस्टिकची, २४ ग्रॅमची ट्रॅपवाली. पण एक गोष्ट विचित्र वाटली, शेजारच्या लेनवरच्या एका काकांनी त्यांची ३६ ग्रॅमची चार काडतुसं दिली ती चारही एकदम झकास चालली, पुंगळ्या दोन-तीन हात लांब उडाल्या.

आधी असं नव्हतं. बाबांच्या वेळी हीच बंदूक २५ चे २५ बार न अडकता काढायची, मी स्वतः बाजूला उभा राहून पुंगळ्या वेचल्यात. मधे निवडणुकांमुळे, २०२३ ची विधानसभा आणि मग २०२४ ची लोकसभा, अशी दोनदा जमा करावी लागली, दुसऱ्यांदा परत मिळाली तेव्हा नळीवर गंजाचे बारीक ठिपके होते म्हणून मी पूर्ण उघडून साफ केली, तेल लावलं आणि परत जोडली. त्यानंतरच हे सुरू झालंय. घरातले म्हणतात जुनी झाली, सरेंडर कर किंवा विकून टाक. मला विकायची नाहीये. आजोबांच्या हाताची झीज त्या दस्त्यावर दिसते अजून. कृपया ज्यांना या बंदुकीतलं कळतं त्यांनी सांगा कुठून सुरुवात करू.

बडोदेकर_क्ले

मी बडोद्याचा, माझ्याकडे गॅसवर चालणारी इटालियन सेमी ऑटो आहे, त्यात मला अगदी हाच त्रास झाला होता. नळीला खाली दोन बारीक भोकं असतात तिथून गॅस पिस्टनवर येतो, ती भोकं कार्बनने बुजली की पिस्टनला जोर मिळत नाही आणि बोल्ट अर्ध्यातून परत येतो. पिस्टन काढून घासला, भोकं साफ केली, बंदूक परत पहिल्यासारखी. तुम्हीही ते बघा आधी. आणि पुढचं लाकूड काढून आतल्या मॅगझिनच्या नळीवर (जिच्यात पुढची काडतुसं भरलेली असतात) सढळ हाताने तेल घाला, सगळं गुळगुळीत सरकलं की पुंगळी आपोआप पडेल. दुसरं म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचा आकडा, म्हणजे जो पुंगळीची कड पकडून ओढतो, त्याच्या खाली मळ साचतो, जुन्या टूथब्रशने आणि सॉल्व्हंटने घासा.

महूचे_काका

बडोदेकर, एक्स्ट्रॅक्टरचं तुमचं म्हणणं बरोबर, पण बाकीचं या बंदुकीला लागू नाही आणि तेलाचं तर नुकसान करेल, म्हणून लगेच लिहितोय. मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता महूलाच स्थायिक आहे, हाताखालून या ऑटो-५ बऱ्याच गेल्यात.

लष्करवाले, पहिलं काम, आणि हे प्रत्येक वेळी: मॅगझिन रिकामं करा, चेंबर (नळीत मागे काडतूस बसतं ती जागा) रिकामं करा, डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग बंदूक हातात घ्या. आणि रेंजवर अडकली असेल तर आधी हे ठरवा की आत रिकामी पुंगळी आहे की बार न झालेलं काडतूस. बार झालाच नसेल तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांबा, उशिराने उडणारं काडतूस मी पाहिलंय.

आता ही बंदूक चालते कशी ते समजून घ्या म्हणजे रोग आपोआप सापडेल. ब्राऊनिंग साहेबांनी हिचं पेटंट १९०० साली घेतलं आणि १९०२ पासून ती बेल्जियममध्ये बनायला लागली, तेव्हा गॅसवाल्या शॉटगनचा कुठे पत्ता नव्हता. हिच्यात गॅसचं भोक नाही, पिस्टन नाही. बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असे दोघं मिळून धक्क्याने मागे जातात, अख्ख्या काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त मागे. तिथे बोल्ट मागेच अडकून राहतो आणि नळी एकटी स्प्रिंगने पुढे पळते. पुंगळी बोल्टच्या आकड्यात धरलेली असते, नळी तिच्यावरून म्यानासारखी निघून जाते, आणि जाता जाता नळीच्या मागच्या वाढीव भागात डाव्या बाजूला जो इजेक्टर बसवलाय तो पुंगळीला टोला मारून बाहेर फेकतो. म्हणजे पुंगळी बाहेर पडायची तर नळीने पूर्ण मागे जायलाच हवं. अर्ध्यातून परतली की तुमच्याकडे होतंय तेच होणार.

आणि नळी किती मागे जाईल हे ठरतं पुढच्या लाकडाखाली, मॅगझिनच्या नळीवर. तिथे एक लांब स्प्रिंग, एक ब्रॉन्झचा फाटका तुकडा (फाटका म्हणजे चिरलेला, बाहेरून बारीक स्प्रिंगने आवळलेला) आणि एक स्टीलची रिंग असते. हे ब्रेक आहेत. सायकलचा ब्रेक जसा चाकाला आवळतो तसा ब्रॉन्झचा तुकडा मॅगझिनच्या नळीला आवळतो. जड काडतुसाला ब्रेक जास्त लागतो, हलक्याला कमी. ते कमी-जास्त करायची कळ म्हणजे ती स्टीलची रिंग कुठे ठेवली ते.

जड लोडसाठी: रिसीव्हरपासून (बोल्ट ज्यात असतो त्या मधल्या लोखंडी खोक्यापासून) पुढे मोजा, आधी स्प्रिंग, मग स्टीलची रिंग तिची खोलगट उतरती बाजू ब्रॉन्झकडे करून, मग ब्रॉन्झ, मग नळीचं कडं (नळीला खालून जोडलेलं, मॅगझिनच्या नळीवर सरकणारं). रिंगच्या उतारात ब्रॉन्झ दाबला जातो आणि घट्ट आवळतो.

हलक्या लोडसाठी: स्टीलची रिंग ब्रॉन्झपासून काढून स्प्रिंगच्या खाली, अगदी रिसीव्हरला टेकवून ठेवायची. मग क्रम असा, रिंग, स्प्रिंग, ब्रॉन्झ, नळीचं कडं. रिंग तिथे नुसती ठेवणीत असते, ब्रेकचं काम करत नाही.

तुमची ३६ ग्रॅम चालते आणि २४ ग्रॅम अडकते, आणि साफ करून जोडल्यावरच सुरू झालं. मला तर वाटतं तुम्ही रिंग जडच्या जागी बसवलीत. उघडून सांगा क्रम काय आहे तो. हे बारा बोअरच्या साध्या मॉडेलचं सांगितलं, मॅग्नमचं गणित वेगळं आहे.

आणि बडोदेकर, सढळ तेल का नाही ते: ब्रेकवर तेल ओतल्यासारखं आहे ते. नळी बेफाम मागे येते आणि रिसीव्हरवर आपटते, पुढचं लाकूड तडकतं. एकदम कोरडी ठेवली तर उलटं, ब्रेक जास्त लागतो. चिंधीला दोन थेंब, पुसून काढायचं, बोटाला चिकटपणा लागला नाही पाहिजे.

बडोदेकर_क्ले

काका, धन्यवाद, मला माझ्या बंदुकीवरून वाटलं सगळ्या सेमी ऑटो अशाच. तेलाचं माझं लिहिलेलं कोणी करू नका.

राजवाडा_इंदूर

एक मुद्दा राहून जातोय तो घालतो, कारण हा जीवावरचा आहे. या जुन्या युरोपियन ऑटो-५ मध्ये काही ६५ मिलिमीटर चेंबरच्या आहेत आणि आज बाजारात जी काडतुसं मिळून राहिलीत ती बहुतेक ७० मिलिमीटरची. लोकांना वाटतं काडतूस आत बसलं म्हणजे चालतं, तसं नाही. ७० हा आकडा बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या पुंगळीचा असतो, न उडवलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे बरंच आखूड असतं, ते ६५ च्या चेंबरमध्ये आरामात जातं. पण बार झाल्यावर तोंडाला उलगडायला जागा उरत नाही, पुढे नळी निमुळती होते तिथे ते दाबलं जातं आणि प्रेशर वाढतं. शिवाय त्या बंदुकांची पुंगळी बाहेर पडायची खिडकीही आखूड, लांब पुंगळी काठाला आपटून तिथेच उभी राहते. तुम्ही लिहिलंय ना, चिमटून उभी राहते, म्हणून मला शंका आली. पुंगळीचं तोंड फाटलेलं, झिरमिळ्या झालेलं दिसतंय का बघा.

नळी काढली की खालच्या बाजूला शिक्के असतात तिथे बारा बोअरच्या खुणेसोबत ६५ किंवा ७० असतं. नसेल तर मोजून घ्या, पण मोजल्याशिवाय अजून एकही बार काढू नका.

माझ्या काकांकडे कागदी पुंगळ्यांचा जुना साठा होता, पावसाळ्यात त्या फुगायच्या आणि चेंबरमध्ये अशा रुतायच्या की नळीच्या तोंडाकडून काडीने ठोकून काढाव्या लागायच्या. ते तुमचं नाही, तुमची प्लॅस्टिकची आहेत, पण घरात जुना साठा असेल तर तो चालवू नका.

महूचे_काका

राजवाडा, शाब्बास, हे मीच आधी लिहायला हवं होतं. लष्करवाले, चेंबर आधी, रिंग नंतर.

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

काका, पहिलं तर मला तुम्ही-बिम्ही म्हणू नका, तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

आज दुपारी उघडली. बोल्ट मागे अडकवला, दस्ता सतरंजीवर टेकवला, नळी थोडी खाली दाबून पुढची टोपी फिरवली, लाकूड आणि नळी काढली. क्रम तुम्ही म्हणालात तसाच निघाला: स्प्रिंग, मग स्टीलची रिंग, मग ब्रॉन्झ. रिंगची खोलगट बाजू ब्रॉन्झकडे. म्हणजे जड लोडचं सेटिंग. साफ करताना मी सगळे भाग ताटात काढून ठेवले होते आणि जोडताना मला वाटलं दोन रिंगा आहेत म्हणजे एकमेकींना चिकटून असणार, म्हणून तशा घातल्या. बाबा कसे घालायचे ते विचारायला आता कोणी नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, “एक कडं ते आधी टाकायचे, खाली, एवढं आठवतं.” ऐकून अंगावर काटा आला हो.

नळीच्या खाली शिक्के खूप आहेत, बारा बोअरची खूण दिसते पण त्याच्या बाजूचा आकडा गंजाच्या ठिपक्यात गेलाय, ७० सारखं वाटतं पण मी खात्रीने सांगू शकत नाही. पुंगळ्यांची तोंडं बघितली, फाटलेली नाहीत, नीट उलगडलेली आहेत. पण इंदूरच्या दादांनी लिहिल्यावर मी बार काढणार नाही. परवाना असलेला दुरुस्तीवाला आहे इथे, उद्या परवाना आणि बंदूक घेऊन जातो, गेजने मोजून घेतो.

चंबळ_पाटील

चेंबरमध्ये गंजाचे ठिपके असतील तर पुंगळी धरून ठेवते. लाकडी दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून ड्रिलवर पाच मिनिटं फिरवा, आरसा होईल.

महूचे_काका

पाटील, कृपया नाही. पॉलिश पेपरने धातू निघतो, आणि ड्रिलवर हात वाकडा झाला की चेंबर एका बाजूला खणलं जातं, ते भरून येत नाही. मग बार झाल्यावर प्लॅस्टिक त्या खड्ड्यात फुगून बसतं आणि आहे त्याहून जास्त अडकतं. ठिपके असतील तर पितळी ब्रश, सॉल्व्हंट, हाताने. त्याने नाही गेलं तर दुरुस्तीवाल्याने बघून ठरवावं.

नातू, बाबांनी आईसमोर बसून काम केलं म्हणून आज तो क्रम घरात शिल्लक आहे. उद्या दुरुस्तीवाल्याला अजून तीन गोष्टी दाखव. एक, दोन्ही एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यांची टोकं, झिजून गोल झालीत का. दोन, नळीतला इजेक्टर ढिला आहे का. तीन, आणि हे लोक विसरतात, दस्त्याच्या आतली स्प्रिंग. बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्यातल्या एका नळीत असते. बंदूक वर्षानुवर्षं कपाटात तोंड वर करून उभी असेल तर सगळं तेल ओघळून त्या नळीत उतरतं आणि वाळून डिंक होतो. बोल्ट मग मागे जाताना पण जड, पुढे येताना पण जड. हा दस्ता मात्र घरी काढू नको, जुन्या स्क्रूची खाच एकदा गेली की गेली. आणि नळी काढलेली असताना बोल्ट सोडायचं बटण दाबू नको, बोट आत असेल तर मोडेल.

घरी एक तपासणी करता येते. सगळं जोडल्यावर, पुन्हा एकदा रिकामी आहे हे बघून, दस्ता सतरंजीवर टेकव, नळी दोन्ही बाजूंनी धर, तोंडावर तळहात ठेवायचा नाही आणि डोकं वर आणायचं नाही, आणि सरळ खाली दाब. नळी-बोल्ट पूर्ण मागे गेले पाहिजेत, सोडल्यावर नळी झटक्यात पुढे आणि बोल्ट मागेच अडकलेला राहिला पाहिजे. कुठे खरखर लागली, मधेच थबकली, तर तिथे दोष आहे.

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

सगळ्यांना उशिरा कळवतोय, आठवडा गेला.

दुरुस्तीवाल्याने गेजने मोजलं, चेंबर ७० चं आहे. साफ केल्यावर शिक्का पण वाचता आला. हे ऐकल्यावर मी दुकानातच खाली बसलो, कारण मी त्याआधी पन्नासएक बार न मोजता काढले होते आणि शेजारी भाचा उभा असायचा.

आकडे ठीक, इजेक्टर घट्ट. रिंग हलक्या लोडच्या जागी घातली, मॅगझिनच्या नळीवरचं तेल पुसून काढलं (मी भरपूर लावलं होतं), आणि काकांची दाबून बघायची तपासणी केली. पूर्ण मागे जात होती, पण शेवटच्या दोन बोटांवर जड लागायची. रविवारी रेंजवर नेली. २८ ग्रॅमची २५ काडतुसं, एकही अडकलं नाही. २४ ग्रॅमची २५, त्यात पाच अडकली. आधी अर्ध्याहून जास्त अडकायची त्यामानाने खूप फरक, पण बाबांच्या वेळचं नव्हतं.

मग दस्ता दुरुस्तीवाल्याकडून उघडला. काका, तुम्ही म्हणालात तेच. आतून मधासारखं पिवळं काळपट चिकट निघालं, स्प्रिंगची वेढी त्यात बुडालेली. आमच्याकडे ती बंदूक कायम कपाटात तोंड वर करूनच उभी असायची, आजोबांपासून. धुऊन कोरडं करून बसवली. काल परत गेलो. २४ ग्रॅमची २५ पैकी २५. बाजूला भाचा पुंगळ्या वेचत होता, जसा मी वेचायचो. बाबा असायला हवे होते एवढंच सारखं वाटत होतं.

आईने एका कार्डावर तिच्या अक्षरात लिहून दिलंय, “हलक्या काडतुसाला कडं आधी, खाली. जड काडतुसाला कडं स्प्रिंग आणि पितळेच्या मधे.” (कडं म्हणजे तिच्या भाषेत ती स्टीलची रिंग.) ते बंदुकीच्या पेटीच्या झाकणाला आतून लावलंय.

एक शेवटचं विचारायचंय. पुढच्या लाकडाला आतल्या बाजूने एक केसासारखी बारीक चीर दिसली, साधारण दोन इंच, मागच्या टोकापासून. बाहेरून अजून दिसत नाही. चालवू का?

राजवाडा_इंदूर

२५ पैकी २५, मस्त वाटलं वाचून. चिरेचं काकाच सांगतील, पण तोवर चालवू नका.

महूचे_काका

चालवू नको. तेल भरपूर असताना आणि कधीतरी रिंग हलक्याच्या जागी असताना जड काडतुसं गेली असतील, त्याचा हा मार आहे. चीर अजून बाहेर आलेली नाही म्हणजे लाकूड वाचतं. दुरुस्तीवाल्याला सांग, आधी लाकडातलं तेल सॉल्व्हंटने काढायचं, कारण तेलकट लाकडाला काही चिकटत नाही, मग चीर थोडी उघडून इपॉक्सी आत जाऊ द्यायचं, दोरीने आवळून दोन दिवस ठेवायचं. वाळल्यावर आतला जास्तीचा इपॉक्सी घासून काढायला लाव, नाहीतर नळीचं कडं त्याला घासेल आणि पुन्हा पुंगळी अडकायला लागेल.

आणि तोवर पेटीत आडवी ठेव. पेटी नसेल तेव्हा तोंड खाली, दस्ता वर.

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

आडवीच ठेवलीये काका. लाकूड उद्या घेऊन जातो.